माहेरी जाताना फाइलही हवी

एखाद्या दिवशीच्या शिलकेवरून खात्याची प्रकृती कळत नाही. त्यासाठी मागील काही महिन्यांचा उतारा पाहावा लागतो, हा बँकेच्या कामातील पहिला धडा. गर्भारपणातील रक्तदाबाचेही तसेच आहे. चौथ्या महिन्यात १००/६० असलेला रक्तदाब आठव्या महिन्यात १३४/८६ झाला, तर एकट्या त्या आकड्याला कोणी उच्च म्हणणार नाही. परंतु आधीची नोंद समोर असेल, तर डॉक्टर निश्चितच सावध होतील.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे, किंवा यकृत, मूत्रपिंड यांच्या कार्यावर परिणाम होणे, या विकारास प्रीएक्लाम्पसिया म्हणतात. तो बळावल्यास झटके येऊन माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतते. भारतातील मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते. प्रारंभी बहुधा काहीच त्रास जाणवत नाही, हीच त्याची खरी भीती.

या विकाराची चाहूल रक्तातून लागू शकते, हे गेल्या दोन दशकांतील संशोधनाने दाखविले. भारतात जन्मलेले डॉ. अनंत करुमंची व त्यांच्या बोस्टन येथील सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे मांडले, की अशा मातांच्या वारेतून ‘एसफ्लिट-१’ हे प्रथिन प्रमाणाबाहेर स्रवते आणि रक्तवाहिन्यांना पोषक असणारे ‘पीएलजीएफ’ निष्प्रभ करते. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, या दोहोंचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असल्यास पुढील आठवडाभर हा विकार होण्याची शक्यता अत्यल्प असल्याचे आढळले. मात्र गुणोत्तर ३८ च्या वर गेले म्हणजे विकार जडलाच, असे नव्हे.

ही चाचणी जिल्हा रुग्णालयांपर्यंत परवडणाऱ्या दरात पोहोचावी, असे मला मनापासून वाटते. तथापि, ती नियमित तपासणीची जागा घेऊ शकणार नाही. तिचा दिलासा आठवड्यापुरताच आहे. आणि ती कोणाची करावी, हे तरी रक्तदाब व लघवीच्या साध्या तपासणीवरूनच ठरते.

या साध्या तपासणीची साखळी मात्र आपल्याकडे नेमकी नाजूक वेळी तुटते. आपल्यापैकी अनेकांची नोकरी बदलीची. सून इंदूर, हैदराबाद वा बंगळूरला. तिचे माहेर सातारा वा अकोल्याला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी निघते. हा विकार बळावण्याचा काळही साधारणपणे हाच. पण नव्या डॉक्टरांपुढे ती जाते तेव्हा जुने कागद पुष्कळदा सासरच्या कपाटातच राहिलेले असतात. प्रथेला माझा आक्षेप नाही. माहेरच्या विसाव्याचे मोल मोठे आहे. आक्षेप आहे तो नोंदी मागे ठेवण्याला.

म्हणून ओटीतील नारळाइतकेच महत्त्व फाइलीला द्यावे. प्रत्येक भेटीतील रक्तदाब, वजन, लघवी व रक्ताचे अहवाल तारीखवार लावावेत. माहेरी पोहोचताच, त्रास असो वा नसो, त्याच आठवड्यात तपासणी व्हावी. ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत विनामूल्य तपासणीची योजना आहे, तिचा लाभ अवश्य घ्यावा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात वेदना किंवा चेहऱ्यावर एकाएकी सूज दिसल्यास ‘गर्भारपणात असे व्हायचेच’ म्हणून थांबू नये. प्रसूतीनंतरचे सहा आठवडेही ही दक्षता आवश्यक आहे.

पासबुक आपण जिवापाड जपतो. ज्या कागदांवर दोन जिवांची सुरक्षितता अवलंबून आहे, ते जपण्याची जबाबदारी एकट्या गर्भवतीची नसून सासर-माहेर दोघांची आहे.