माफीच्या आधी हिशेब

कर्जमाफी जाहीर झाली की अमरावती-अकोल्यातला कर्जबाजारी माणूस मोकळा होतो, असे आपण वर्षानुवर्षे धरून चाललो आहोत. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज आले, २००८ साली केंद्राची कर्जमाफी, २०१७ साली राज्याची दीड लाखापर्यंतची, २०१९च्या डिसेंबरात दोन लाखांपर्यंतची. तरी २०२५च्या जूनमध्ये गुरुकुंज मोझरीला शेतकरी नेते बच्चू कडूंना पुन्हा त्याच मागणीसाठी उपोषणाला बसावे लागले. मागणी गैर नाही. भाव पडला, पाऊस फिरला, तर सगळा तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी का, हा सवाल रास्तच आहे. पण माफीने पुसले जाते ते बँकेच्या आणि सोसायटीच्या वहीतले कर्ज, तेही अटींच्या चाळणीतून. २००८ची पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच होती. खारपाणपट्ट्यात सात-आठ एकर कोरडवाहू असणारा काही बागाईतदार नव्हे, पण त्याला काही भागाचीच सूट होती, तीही उरलेली रक्कम आधी भरल्यावर. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील सावकारी कर्जाचा भार सरकारने उचलला, तोही परवानाधारक सावकारांपुरता. आत्महत्याग्रस्त कुटुंबाच्या एक लाखाच्या मदतीलाही कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा मान्यताप्राप्त सावकाराचे असावे लागते. म्हणजे बिनपरवाना सावकाराचे जे कर्ज सर्वांत जास्त छळते, ते सरकारच्या हिशेबी अस्तित्वातच नसते.

प्रत्यक्षात घरातले कर्ज एका ठिकाणचे कधीच नसते. सोसायटीचे पीककर्ज असते, कृषी केंद्राची बियाण्या-खताची उधारी असते, दवाखान्यासाठी सावकाराकडून महिना शेकडा पाचने उचललेले असते, घरच्या बाईच्या नावावर मायक्रोफायनान्सच्या गटाचे असते आणि मोटारसायकलचा हप्ताही असतो. मार्च आला की सावकाराकडून घेऊन सोसायटीत भरायचे, नवे-जुने करायचे आणि नवे पीककर्ज हाती पडले की त्यातून सावकाराचे व्याज द्यायचे. वेळेत फेडले तर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज राज्यात बिनव्याजी पडते. ते टिकवण्यासाठी वर्षाला साठ टक्क्यांचे कर्ज काढले जाते. पैसा कोणाला आधी द्यायचा हे व्याजाचा दर ठरवत नाही, दारात येऊन कोण जास्त बोलतो हे ठरवते. कर्ज अंगावर येते ते रकमेमुळे, तितकेच या उलट्या क्रमामुळे. म्हणून माफीच्या आधी या सगळ्या कर्जांचा हिशेब मांडला पाहिजे.

‘घेतले ते फेडलेच पाहिजे, नाही तर अब्रू जाते,’ हा यावरचा पहिला आक्षेप. तत्त्व मान्य, पण घेतले किती, हे आधी ठरू द्या. पन्नास हजार रुपये महिना शेकडा पाचने घेतले तर महिन्याला अडीच हजार आणि वर्षाला तीस हजार व्याज होते. वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज देऊन होते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेतकऱ्याला विनातारण कर्जावर परवानाधारक सावकाराने वर्षाला बारा टक्के, तारण असेल तर नऊ टक्के घ्यावेत, असा ठरवून दिलेला दर आहे. त्या हिशेबाने पन्नास हजारांवर वर्षाचे सहा हजार होतात. वरचे चोवीस हजार ही फेड नव्हे, लूट आहे. परवाना नसताना सावकारी करणाऱ्याला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अब्रू जायची असेल तर ती त्याची जावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रात्री-अपरात्री दवाखान्याला पैसे सावकारच देतो, त्याच्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज केला तर पुढच्या वेळी कोणापुढे हात पसरायचा? गरज खरी आहे, म्हणूनच तिची किंमत बेसुमार वसूल होते. पण कर्जापोटी शेताचे खरेदीखत करून घेणारा अडीनडीचा सोबती नसतो. त्याची नजर सातबाऱ्यावर असते. अशी खरेदी प्रत्यक्षात सावकारीची होती हे चौकशीत ठरले, तर ती रद्द करून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. फायनान्सवाल्यांनाही रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घालून दिले: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत आणि सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. नियम आहेत, ते कर्जदाराच्या घरापर्यंत पोचलेले नाहीत.

ते पोचवायचे कसे, याचे उत्तर वऱ्हाडाने नव्वद वर्षांपूर्वीच पाहिले आहे. १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा झाला. अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव त्याच्याशी जोडले गेले आहे. लवाद मंडळापुढे कर्जदार आणि त्याचे सगळे धनको एकत्र बसत, प्रत्येकाला आपले येणे मांडून दाखवावे लागे आणि झेपेल अशी हप्तेबंदी ठरे. आज सेवा सहकारी सोसायटी, फायनान्स आणि सावकार यांना एका टेबलावर आणणारी व्यवस्थाच नाही. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत अगदी लहान कर्जदाराला नव्याने सुरुवात करू देणारे प्रकरण आहे, पण पस्तीस हजारांपर्यंतच्या कर्जापुरते, आणि तेही अंमलात आणलेले नाही. मोठ्या कंपन्यांच्या कर्जाची तडजोड कायद्याने होते. कास्तकाराला मात्र नीतीचे धडे.

‘उत्पन्नच नाही तर हप्तेबंदी काय कामाची?’ असे कोणी विचारील. कापूस-सोयाबीनला भाव नाही तोवर नवे कर्ज होतच राहणार, हे खरेच. पण भाव मिळाला तरी मेळ नसलेल्या कर्जात तो आधी सावकाराच्याच घरी जाईल. म्हणून भावाच्या लढ्याबरोबर तालुक्या-तालुक्याला कर्ज लवाद मंडळ मागितले पाहिजे आणि माफीच्या प्रत्येक घोषणेला विचारले पाहिजे, की यात खासगी कर्जाचे काय? तोवर कर्जदाराने घरातल्या माणसांपासून लपवलेला आकडा आधी घरात सांगावा, कोणाचे किती आणि कोणत्या दराने हे एका कागदावर मांडावे. बँकेचे असेल तर एकरकमी तडजोड मागावी, बेकायदा सावकाराचे असेल तर जिल्हा उपनिबंधक कार्यालयात अर्ज द्यावा, वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. कर्ज काढणे हा गुन्हा नाही; बेकायदा व्याज घेणे हा आहे.