फोटोंचा डबा, हातची भेटकार्डं आणि घरातला स्कॅनर

मैत्रिणींनो, या सदराच्या टपालात एरवी लोणच्याची बुरशी आणि फ्रीजचा वास यांचीच सद्दी असते. पण गेले काही आठवडे एक वेगळाच विषय डोकावतो आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एक भगिनी लिहितात, "मी हातानं भेटकार्डं करते. संक्रांत, राखी, डोहाळजेवण अशा निमित्तानं ती ओळखीत विकली जातात. पण कार्ड गेलं की गेलं, माझ्याकडे नमुनाही उरत नाही. शिवाय सासूबाईंच्या लग्नातला एकच फोटो घरात आहे आणि दीर-नणंदा मिळून चौघं तो मागताहेत. बाहेर द्यायला सासूबाई तयार नाहीत. पूर्वी एकदा मोठा करायला दिलेला मामंजींचा फोटो परत आलाच नाही. तेव्हा घरीच स्वस्तातला स्कॅनर घ्यावा का? मुलगा म्हणतो, मोबाइल आहे ना!"

मुलाचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो पाठवायचा एवढंच काम असेल, तर खिडकीशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो ठेवून मोबाइलनं टिपला तरी भागतं. पण गुळगुळीत फोटोवर उजेडाची चकाकी येते, हात थोडा तिरपा झाला की चौकट वेडीवाकडी होते, आणि पुढे तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा म्हटलं की चेहरे पिठूळ दिसू लागतात. स्कॅनरमध्ये फोटो काचेवर सपाट पडतो, उजेड सगळीकडे सारखा मिळतो आणि माप जसंच्या तसं राहतं. कार्डाची पुन्हा छपाई करायची असेल तर हा फरक फार मोठा आहे.

आता खर्चाचं. सगळ्यात आधी घरातल्या, किंवा शेजारच्या जाऊबाईंच्या, प्रिंटरचं झाकण उघडून पाहा. झाकणाखाली काच असेल तर तो ऑल-इन-वन आहे, म्हणजे त्यात स्कॅनर आलाच. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला प्रिंटर घरात असून स्कॅनरसाठी पैसे साठवणाऱ्या बायका मला माहीत आहेत! काही प्रिंटर मात्र शाई संपली की स्कॅनही करायचं नाकारतात, तेवढं तपासून घ्या. घरात काहीच नसेल तर हिशेब मांडा. समजा दुकानदार फोटोमागे १० रुपये घेतो आणि तुमच्याकडे ४० फोटो आहेत, तर ४०० रुपयांत काम झालं. दुकानातच समोर बसून करून घ्या, फोटो मागे ठेवून येऊ नका. पण डब्यात ५०० फोटो असतील आणि वर दर महिन्याला नवी कार्डं, तर घरचा स्कॅनरच परवडतो.

दुकानात गेलात की विक्रेता पहिल्यांदा डीपीआयचा आकडा तोंडावर फेकेल. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात ते. मोठा आकडा म्हणजे भारी यंत्र, असं त्याला सुचवायचं असतं. तुम्ही शांतपणे विचारा, "हा ऑप्टिकल आकडा आहे का?" यंत्राच्या डोळ्याला खरोखर जेवढं दिसतं ते ऑप्टिकल. बाकीचे ठिपके संगणक मधल्यामध्ये अंदाजानं भरतो. पाणी घालून आमटी वाढवण्यातलाच हा प्रकार. आपल्याला लागतात किती ते पाहा. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे ४ बाय ६ इंची फोटो, ६०० डीपीआयनं स्कॅन केला की २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात. छपाईला इंचात ३०० ठिपके पुरतात, म्हणजे तो फोटो बिनदिक्कत ८ बाय १२ इंच करता येतो. कार्ड त्याच मापात पुन्हा छापायचं असेल तर ३०० वरही भागेल. १२०० ची गरज पडते ती जुन्या इवल्याशा फोटोंना. आपल्याकडे घरोघरी आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, त्याचे सव्वादोन इंची चौकोनी फोटो आठवतात ना? ते १२०० वर घेतले की ९ इंचापर्यंत मोठे होतात. याहून पुढे गेलं की फोटोचा कागदच दिसू लागतो, माणूस नव्हे. आणि ठिपके दुप्पट केले की फाइल चौपट फुगते, हे विसरू नका.

आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही, आणि कार्डं करणाऱ्यांचं सगळं नशीब तिच्यावर आहे. सपाट काचेच्या स्कॅनरच्या दोन जाती असतात. एक सीआयएस. हा पातळ, हलका, बहुधा संगणकाच्या यूएसबी वायरीवरच चालणारा आणि स्वस्त. कॅननचा लाइड ३००, एप्सनचा परफेक्शन व्ही ३९ हे या जातीचे. याचा डोळा काचेला अगदी चिकटून असतो, त्यामुळे काचेला टेकलेलं सगळं लख्ख दिसतं, पण जरा वर उचललेलं लगेच पुसट होतं. दुसरी जात सीसीडीची, एप्सनच्या परफेक्शन व्ही ६०० सारखी. त्यात आरसे नि भिंग असतं, वेगळा वीजपुरवठा लागतो, यंत्र जाडजूड आणि महाग. पण काचेपासून थोडं वर असलेलंही ते नीट टिपतं.

तेव्हा तुमची कार्डं कशी आहेत ते बघा. जलरंग, शाई, पेन्सिल, कापून चिकटवलेला पातळ कागद, मेंदीची नक्षी: सीआयएस बिनघोर घ्या. पण क्विलिंगची फुलं, मोती, कापडी पाकळ्या, लेस असेल तर स्वस्तातला सीआयएस तुम्हाला रडवील. दुकानात पारख करायची सोपी युक्ती सांगते. पर्समध्ये फूटपट्टी आणि पेन्सिल न्या. पट्टीची खुणांची बाजू खाली करून एक टोक काचेवर टेकवा, दुसऱ्या टोकाखाली पेन्सिल ठेवा आणि स्कॅन करायला सांगा. मिलिमीटरच्या रेघा कुठपर्यंत मोजता येतात ते पडद्यावर दिसेल. विक्रेता नाक मुरडील, मुरडू द्या.

टिकल्या, जर आणि सोनेरी कागद यांना मात्र दोन्ही जाती सारख्याच हरतात. स्कॅनरचा उजेड तिरका पडतो आणि चकचकीत पृष्ठभाग तो भलतीकडेच परतवतो, म्हणून सोनं काळपट येतं. अशा कार्डाचा फोटो सकाळच्या मऊ उजेडात काढलेलाच बरा. माझ्या मते ज्यांची निम्म्याहून अधिक कार्डं उठावदार असतात त्यांनी स्कॅनरच्या नादी लागूच नये. कार्डाचं चित्र सपाट कागदावर आधी करावं, ते स्कॅन करून ठेवावं, आणि छापलेल्या प्रतीवर मोती-टिकल्या नंतर हातानं चिकटवाव्यात. नमुनाही राहतो आणि गिऱ्हाइकाला हातची कलाकुसरही मिळते.

कागद आत ओढून घेणारे स्कॅनरही दुकानात दाखवतील. ते बिलं नि कागदपत्रांसाठी. त्यांच्या रुळांत जुना वळलेला फोटो किंवा चिकटकाम असलेलं कार्ड कधीही घालू नका. सेकंडहँड यंत्र स्वस्त मिळालं तर हुरळू नका. आधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर आपल्या संगणकासाठी आहे का ते बघा, नाही तर चांगलं यंत्र केवळ त्यापायी माळ्यावर जातं. आणि झाकण वर उचलता येतं का ते पाहा. अल्बमचं जाड पान ठेवायचं तर बिजागरी थोडी वर सरकणारी हवी.

नेगेटिव्ह असतील तर गोष्ट निराळी. नेगेटिव्हला मागून उजेड लागतो, म्हणजे झाकणातही दिवा हवा. तो स्वस्तातल्या पातळ स्कॅनरमध्ये नसतो. नेगेटिव्हचं पाकीट जपून ठेवा, ते काम एखाद्या चांगल्या स्टुडिओकडून एकदाच करून घेतलेलं स्वस्त पडतं.

आता सासूबाईंच्या फोटोकडे येऊ. जुने फोटो स्कॅन करताना घाई करायची नाही. प्लॅस्टिकच्या कागदाखाली चिकटून बसणाऱ्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पुष्कळदा तो फाटतोच. सुटत नसेल तर पानासकटच काचेवर ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट. खरखरीत, जाळीदार कागदावर काढलेले रंगीत फोटो स्कॅन केले की पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटते. तोच फोटो उलटा फिरवून पुन्हा घेऊन पाहावा, एखाद्या दिशेला ठिपके कमी येतात. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत पद्धतीनंच घ्या. पिवळे डाग वेगळे ओळखू येतात आणि मग काढणाऱ्याला काढता येतात. यंत्राची आपोआप सुधारणा करणारी कळ बंद ठेवा, विशेषतः फिक्या जलरंगाच्या कार्डांना. कागद पांढरा करण्याच्या नादात ती तुमची अबोलीची छटा खाऊन टाकते. फिकट पडलेल्या रंगीत फोटोंसाठी रंग परत आणणारी सोय असते, तिचा उपयोग होतो. पण आधी एक प्रत जशीच्या तशी घेऊन ठेवा, मग हवी ती रंगरंगोटी करा.

ए-फोर काचेवर पोस्टकार्डाएवढे फोटो दोन सुखानं मावतात, तिसरा आडवा घातला तर कसाबसा. रोज दुपारची आवराआवर झाल्यावर २० फोटो केले तर ५०० चा डबा २५ दिवसांत संपतो. आणि माझं ऐका, हे काम एकटीनं करू नका. सासूबाईंना शेजारी खुर्ची द्या. फोटोतली ती डावीकडची, नऊवारीतली, कोण, हे सांगणारं घरात एकच माणूस उरलेलं असतं. नाव, गाव, अदमासे साल फाइलच्या नावातच घाला: "१९६२ पंढरपूर आत्याबाई" असं. पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा. सासऱ्यांच्या अक्षरातली एक ओळ फोटोइतकीच मोलाची असते.

वाटण्या होतात तेव्हा भांडी मोजून वाटली जातात, अल्बम मात्र कुणातरी एकाच्याच कपाटात जातो आणि त्यावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत. स्कॅन केलेल्या प्रतीला वाटणी नसते. ४ बाय ६ चे ५०० फोटो ६०० डीपीआयनं, काही न दाबता-दडपता टिफ पद्धतीनं ठेवले तरी १३ जीबीच्या आसपास होतात, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर सहज बसतात. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावी, नणंदेकडे नाही तर माहेरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात घराघरांत पाणी शिरलं. अशा पाण्यात अल्बम आणि संगणक दोन्ही एकदमच जातात. भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो मात्र गठ्ठ्यानं वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सोडवा आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरा.

तर सोलापूरच्या भगिनी, तुमची कार्डं सपाट असतील आणि घरात काच असलेला प्रिंटर नसेल, तर सीआयएस जातीचा साधा स्कॅनर घ्या. लग्नाचा फोटो त्यावर पहिल्याच दिवशी करा, दीर-नणंदांना छापील प्रत द्या, अस्सल फोटो सासूबाईंपाशीच राहू द्या. काच पुसताना द्रव काचेवर ओतू नका, मऊ फडक्यावर थोडासा घेऊन पुसा. आणि चमकी उधळलेलं कार्ड ठेवायचं असेल तर आधी काचेवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद पसरा, म्हणजे चरे पडणार नाहीत.