पाहुण्याचे भय आणि यजमानाचा रोष

परदेशी पाहुणा गोव्यात कितपत संतुष्ट आहे, याची चौकशी सरकारदरबारी मोठ्या हौसेने होते. त्याला भय कशाचे वाटते, असे कोणी विचारले की मात्र यजमानाच्या कपाळाला आठी पडते. 2024 च्या नोव्हेंबरात एका गृहस्थाने गोव्याचे पर्यटन ओसरल्याचे आकडे समाजमाध्यमावर मांडले, तर पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार गुदरली. आकडे चुकीचे असतील; पण चुकीच्या आकड्याला उत्तर बरोबर आकड्याने द्यावयाचे असते, फौजदाराकरवी नव्हे. आणि खात्याचा स्वतःचा हिशेब काय सांगतो? 2019 साली परदेशी पाहुणे सुमारे 9.37 लाख, 2024 साली सुमारे 4.67 लाख. मध्यंतरी महासाथ आली, रशिया-युक्रेन युद्ध पेटले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सारा दोष दैवावर टाकणारा यजमान घर कधीच झाडीत नाही.

समाधानाच्या पाहण्यांवर आमचा विश्वास बसत नाही, तो एवढ्याचसाठी की त्यांतले साक्षीदार एकाच बाजूचे असतात. जो भ्याला तो आलाच नाही. ज्याला नाडले गेले तो विमान चुकेल म्हणून तक्रार न करता निघून गेला. उरलेल्यांनी ‘उत्तम’ या शब्दापुढे खूण केली, की खाते निर्धास्त!

ऊन, डास, खवळलेला समुद्र यांचे भय पाहुणा आपल्या खुषीने पत्करतो. तो पत्करीत नाही ते निराळे भय: आपल्यावर अन्याय झाला तर दाद कोठे मागावी? 2008 साली हणजूणच्या किनाऱ्यावर एका ब्रिटिश किशोरीचा मृतदेह सापडला. ती बुडून मेली, असे पोलिसांनी प्रथम म्हटले. आईने हट्ट धरला तेव्हा दुसरे शवविच्छेदन झाले. 2016 साली बालन्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. 2019 साली उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची सजा दिली. अकरा वर्षे! ही बातमी ज्या देशात घरोघरी वाचली गेली, तेथे आपली रंगीत जाहिरात कोण वाचणार?

देवस्थानांचे आमचे महाजन म्हणतील, किनाऱ्यावरील या उठाठेवीशी आमचा संबंध काय? संबंध आहे. 2025 च्या मे महिन्यात शिरगावी लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले. त्याच वर्षी डिसेंबरात हडफड्याच्या एका नाइट क्लबला आग लागून 25 जण गेले, आणि त्यांत बहुतेक तेथे राबणारे नोकर होते. पाहुण्याच्या जिवाची जी बेपर्वाई, तीच भाविकाच्या आणि मजुराच्या जिवाची. अतिथीला देव मानणारे उपनिषदातले वचन फलकावर रंगविणे सोपे. अग्रशाळेची वाट मोकळी ठेवणे कष्टाचे.

उपाय कायद्यात आहेत. दूरदृश्य यंत्रणेवरून साक्ष घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2003 सालीच मान्यता दिली आहे, आणि तपास चालू असताना दंडाधिकाऱ्याने जबाब नोंदविण्याची तरतूदही आहे. हंगामाच्या दिवसांत बार्देश आणि काणकोण या तालुक्यांत असा एकेक दंडाधिकारी याच कामासाठी नेमावा, आणि परदेशी फिर्यादीचा जबाब त्याचे विमान सुटण्यापूर्वी नोंदवावा. यास नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. खात्याने पोलिसांकडे जावयाचेच असेल, तर ही मागणी घेऊन जावे.