आल्प्सच्या खिंडी आणि आपला श्वास

मार्च सरत आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा सून आई-वडिलांची फाईल टेबलावर ठेवते आणि विचारते, "डॉक्टर, यांना स्वित्झर्लंडच्या सहलीला न्यावं का? एवढी उंची झेपेल का?" फाईलमध्ये रक्तदाब असतो, साखर असते, क्वचित एखादा स्टेंट असतो. ज्यांच्याविषयी हे बोलणे चाललेले असते ते समोरच्या खुर्चीत गप्प बसलेले असतात. म्हणून मी पहिला प्रश्न त्यांनाच करतो, "आपल्याला जायचं आहे का?" बहुतेकांना जायचे असते. उरलेले, कोणावर आपला भार नको म्हणून 'नाही' म्हणतात. तो नकार वैद्यकीय नव्हे, हे घरच्यांनी ओळखावे.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला मध्य स्वित्झर्लंडमधील उर्सेरन नावाची एक दरी उपयोगी पडते. तिच्यातील आंडरमाट हे गाव सुमारे १४४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून जेमतेम शंभरेक मीटर वर. या गावातून दक्षिणेला गोटहार्ड, पश्चिमेला फुर्का आणि पूर्वेला ओबरआल्प अशा तीन खिंडींकडे वाटा जातात. उत्तरेला मात्र रॉइस नदीने कातळ चिरून केलेली शोलेनेनची अरुंद घळ आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कड्याला टांगलेली लाकडी वाट आणि नदीवरचा पूल झाला, तेव्हा ही घळ व्यापाराला खुली झाली. माणसाच्या हातून असा पूल होणे अशक्य, तो सैतानानेच बांधला, अशी तिथली लोककथा आहे. मोबदल्यात पूल ओलांडणारा पहिला जीव सैतानाला द्यायचा होता. गावकऱ्यांनी पुढे सोडला बोकड!

या वाटांवरून मीठ, चीज, कापड आणि माणसे खेचरांच्या तांड्यांबरोबर हिंडली. जुन्या प्रवासाची रीत पाहण्यासारखी आहे. तांडा खिंडीच्या पायथ्याला मुक्काम करी, पहाटे निघे, दिवसाउजेडी माथा ओलांडे आणि पलीकडच्या गावात उतरे. गोटहार्डच्या माथ्यावर, सुमारे २१०० मीटरवर, धर्मशाळा होती. वादळात सापडलेल्यांना तिथे निवारा मिळे आणि गरीब वाटसरूंना फुकट अन्न. कवी गटे या माथ्यावर १७७५, १७७९ आणि १७९७ असा तीनदा गेला. पहिल्या खेपेस पलीकडे इटली होती, तरीही तो माथ्यावरूनच परत फिरला. अर्ध्या वाटेवरून परतण्यात कमीपणा नाही, हे सांगायला मला हे उदाहरण फार सोयीचे पडते.

उलट उदाहरणही याच वाटेवरचे आहे. १७९९ च्या सप्टेंबरात रशियन सेनापती सुवोरोव्ह आपले सैन्य घेऊन गोटहार्डवरून आला आणि शोलेनेनच्या पुलापाशी फ्रेंचांशी लढला. तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. त्यानंतरही सैन्यासह त्याला एकामागून एक आणखी खिंडी ओलांडाव्या लागल्या, त्याही बर्फातून. पुढच्या मे महिन्यात तो वारला. दोन गोष्टींचा संबंध मी जोडत नाही. पण सत्तरीत खिंड ओलांडता येते, एवढे यातून दिसते, आणि तशी ओलांडू नये हेही.

आता उंचीचे गणित. समुद्रसपाटीला एका श्वासात जितका प्राणवायू मिळतो, त्याच्या साधारण पाऊण भागाहून किंचित अधिक गोटहार्डच्या माथ्यावर मिळतो. ऐकून छाती दडपते. पण विमानाच्या आतील हवेचा दाब उड्डाणात जमिनीइतका ठेवलेला नसतो. तो सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या दाबापर्यंत उतरू शकतो. म्हणजे मुंबईहून युरोपात विमानाने उतरलेली आजी आठ-नऊ तास जवळजवळ खिंडीच्या उंचीवर बसून, जेवून, झोपूनही आलेली असते! ज्यांना विमानप्रवासाची परवानगी मी निःशंकपणे देतो, त्यांना गाडीतून या खिंडी पाहायला मी सहसा अडवत नाही. उंचीचा आजार, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणे, बहुधा २५०० मीटरच्या वर आणि तिथे रात्र काढल्यास त्रास देतो. इथे रात्र आंडरमाटला काढायची असते. सहलीच्या पत्रकांत मात्र झळकते ते युंगफ्राऊयोख. तिथले रेल्वेस्थानक ३४५४ मीटरवर आहे आणि खालच्या गावातून दीड-दोन तासांत माणूस तिथे पोचतो. तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. हृदय किंवा फुप्फुस दुबळे असलेल्यांनी त्या बर्फाचा मोह सोडावा आणि खिंडीचा रस्ता धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खिंडीच्या रस्त्याला गाडी थांबवता येते आणि मागेही वळवता येते.

खिंडीखालचा बोगदा आम्हा डॉक्टरांना वेगळ्याच कारणाने आठवतो. आयरोलो ते गोशेनेन हा १५ किलोमीटरचा रेल्वेबोगदा १८७२ मध्ये सुरू झाला आणि १८८२ मध्ये खुला झाला. त्याचा कंत्राटदार लुई फाव्र १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून मरण पावला; वय ५३, जवळपास माझ्याच वयाचा. आत उष्मा, चिखल, शौचाची सोय नाही. बहुतेक मजूर इटलीचे होते. ते फिकट पडू लागले, चार पावलांत धापा टाकू लागले. १८८० मध्ये तुरिनच्या एदोआर्दो पेरोन्चितो यांनी कारण दाखवून दिले: आतड्याला चिकटून रक्त शोषणारे अंकुशकृमी. आपल्या कोकणातील ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्यांना होणारा जंत हाच.

हे सांगण्याचे कारण म्हणजे हिमोग्लोबिन. रक्तात प्राणवायू वाहून नेणारा तोच. ते कमी असले की २००० मीटरची उंचीही ४००० सारखी जाणवू लागते. ज्येष्ठांच्या फायलीत हृदयाच्या तपासण्यांची चळत असते आणि हा साधा अहवाल कित्येकदा दोन वर्षांपूर्वीचा. सहलीची रक्कम भरण्याआधी तो नव्याने करावा. दोन मजले न थांबता चढता येतात का, तेही घरच्या जिन्यावर पाहून घ्यावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, पायांवरची सूज वाढत असेल किंवा घरी प्राणवायूचे यंत्र लागत असेल, तर आपल्या डॉक्टरांनी 'हो' म्हणेपर्यंत तिकीट काढू नये.

एक गोष्ट संकोचामुळे कोणी बोलत नाही. घाटात स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने अनेक ज्येष्ठ त्या दिवशी पाणी पीत नाहीत आणि लघवीची गोळी गुपचूप चुकवतात. हृदय कमजोर असणाऱ्याला अशी चुकवलेली गोळी उंचीपेक्षा जास्त नडते. गोळीची वेळ दुपारनंतर सरकवता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हेही गोळ्यांचे वेळापत्रक मांडताना धरावे. औषधे आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी मात्र सदऱ्याच्या खिशात असू द्यावी. बसच्या पोटात ठेवलेल्या बॅगेतली गोळी वेळेला सापडत नाही.

दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. आंडरमाटला स्वेटर पुरला तरी सुमारे २४३० मीटरच्या फुर्कावर कानटोपी लागते. गोटहार्डच्या दक्षिण उतारावर त्रेमोला हा दगडी फरसबंदीचा जुना रस्ता आहे, चोवीस वळणांचा. तो देखणा आहे, पण पायी उतरायला जाऊ नये. चढताना दम लागतो, उतरताना मात्र गुडघे बोलू लागतात. वळणांनी मळमळणाऱ्यांनी पुढच्या आसनावर बसावे. गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, कधी भ्रमही होतो. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

ज्यांना वळणे मुळीच सोसत नाहीत त्यांच्यासाठी ओबरआल्प आहे. हिवाळ्यात तिन्ही खिंडींचे रस्ते बर्फाखाली जातात, पण ओबरआल्पची रेल्वे २०३३ मीटरवरून तेव्हाही धावते. खिडकीशी बसावे, मांडीवर शाल घ्यावी. माथ्यावर एक लाल दीपगृह दिसेल. ऱ्हाइन नदीचा उगम तिथून जवळ आहे आणि ती जिथे समुद्राला मिळते तिथल्या दीपगृहाची ती धाकटी प्रतिकृती आहे.