टॅरिफचा दणका कामगाराला, मदत मात्र मालकाला?

पोस्ट थोडी लांब आहे, पण ज्यांच्या घरात कोणी एमआयडीसीला जातं त्यांनी पूर्ण वाचा.

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के शुल्क लावलं. नोव्हेंबरमध्ये केंद्राने निर्यातदारांसाठी सहा वर्षांचं २५,०६० कोटींचं मिशन आणि २०,००० कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी मंजूर केली. चांगलं केलं. कारखाना टिकला तर काम टिकेल, हे मलाही कळतं. पण ऑर्डर गेली म्हणून ज्याचं काम गेलं, त्याच्या खात्यावर थेट यातलं काय येणार?

व्यापारामुळे काम गेलं तर मदत, असा कायदा जगात नवा नाही. खुद्द अमेरिकेत आयातीमुळे बेकार झालेल्यांना १९६२ पासून प्रशिक्षण आणि भत्ता मिळायचा, पुढे तीन कामगार मिळूनही अर्ज करता यायचा. २०२२ मध्ये तिथेही नवे अर्ज मंजूर करणं थांबलं. आपल्याकडे तर अशी योजनाच नाही.

आपल्याकडे काय आहे? ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, तीही आयुष्यात एकदाच. महिना १५,००० वाल्याला सगळे मिळून २२,५०० रुपये. त्यासाठी दोन वर्षं विमा आणि ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. पगार २१,००० च्या वर असला की साधारणपणे ईएसआयच नाही.

आता सांगा, ठेकेदाराकडच्या पोराने ही अट कशी पुरी करायची? काही महिने झाले की ब्रेक, मग नवा ठेकेदार. कुठे वर्गणी कापली पण भरलीच नाही. काम जाताना ऑफिसात बोलावून राजीनाम्यावर सही घेतात. मी अशी कागदपत्रं बघतो तेव्हा दहातल्या सात-आठ जणांकडे कामावरून काढल्याचा एक कागद नसतो. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत दोन वर्षांपर्यंत भत्ता आहे, पण कारखाना बंद पडल्याचं किंवा कपात झाल्याचं सिद्ध करावं लागतं. राजीनामा दिलेल्याने ते कसं करायचं?

२१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. कपात झालेल्याला पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा पगार मिळणार. पण मुदतीच्या कराराची मुदत संपली तर त्याला कपात म्हणतच नाहीत. वर कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. म्हणजे काढणं सोपं आणि मदत मिळवणं अवघड.

साखर कारखान्यांचं तर वेगळंच. २०२३-२४ ला केंद्राने साखर निर्यात होऊ दिली नाही. हाही व्यापाराचाच निर्णय. पण नुसती साखर बनवणारा कारखाना कायद्यात हंगामी, म्हणून ईएसआयच्या बाहेर. दिल्लीच्या निर्णयाने हंगाम अडचणीत आला तर त्या कामगाराने कोणत्या खिडकीत उभं राहायचं?

आमच्या खासदार-आमदारांकडे चार मागण्या:

१) निर्यातदाराला सरकारी हमी देताना कामगार कपातीची माहिती, कंत्राटी धरून, जाहीर करण्याची अट घाला.
२) टॅरिफ किंवा निर्यातबंदीमुळे काम गेलं असेल तर ७८ दिवसांची अट शिथिल करा.
३) वर्गणी ठेकेदाराने बुडवली तर शिक्षा कामगाराला नको, मूळ कंपनीकडून वसूल करा.
४) हंगामी कामगारांनाही बेकारी भत्त्यात घ्या.

आणि कामगार बंधू-भगिनींनो, घाईत राजीनाम्यावर सही करू नका. कामावरून काढल्याचं पत्र मागा. पगाराच्या स्लिपा, ईएसआय नंबर, हजेरीचे फोटो जपून ठेवा. मालकाच्या तोट्याला ताळेबंद असतो, आपल्या तोट्याला एवढेच कागद.

पटलं तर पुढे पाठवा. पटलं नसेल तर कमेंटमध्ये भांडा, पण गप्प बसू नका.