ईयोबाचे मित्र आपल्या ओट्यावर

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावातील एक तरुण गृहस्थ कर्करोगाने वारले. वय अवघे अडतीस. मागे पत्नी, दोन शाळकरी मुले आणि थकलेली आई. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जपमाळेची प्रार्थना झाली. प्रार्थना आटोपल्यावर, रिवाजाप्रमाणे, मंडळी ओट्यावर बसली. चहा फिरला. तेव्हा चर्चच्या कामात ज्यांचा शब्द मानला जातो असे एक वयोवृद्ध गृहस्थ त्या विधवा मुलीला म्हणाले, "बाय, रडू नकोस. देवाची इच्छा! पण एक विचारू का? तुमच्या घरी संध्याकाळची जपमाळ रोज होत होती ना?"

ती काही बोलली नाही. रिकामे कप उचलून आत गेली. चार दिवसांनी मात्र तिने माझ्या पत्नीला विचारले, "वहिनी, माझी प्रार्थना कमी पडली का हो?"

हा लेख त्या प्रश्नातून जन्मला आहे. तो विचारणे तिला ज्यांनी भाग पाडले, ते गृहस्थ दुष्ट नव्हेत. त्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही. त्यांना तिचे सांत्वनच करायचे होते. परंतु सांत्वनाच्या नावाखाली आपण कॅथलिक कुटुंबे एकमेकांच्या उरावर केवढे दगड ठेवीत असतो, याचा विचार आता उघडपणे व्हावयास हवा. 'विश्वास ठेवा' हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यातून पुष्कळदा 'तुमचा विश्वास कमी पडला' असाच आरोप ऐकणाऱ्याच्या कानी पडतो.

हा आरोप पवित्र शास्त्राला धरून आहे काय? माझे स्पष्ट मत आहे की तो शास्त्राच्या विरुद्ध आहे.

ईयोबाचा ग्रंथ आपल्यापैकी बहुतेकांनी अर्धाच वाचलेला असतो. पहिले दोन अध्याय आपल्याला ठाऊक असतात : संपत्ती गेली, मुले गेली, शरीर फोडांनी भरले, तरीही ईयोब देवाला बोल लावीत नाही. मग आपण एकदम शेवटाकडे उडी मारतो : सर्व काही दुप्पट परत मिळाले. मधल्या सुमारे चाळीस अध्यायांचे काय? त्या अध्यायांत ईयोब मुळीच गप्प बसलेला नाही. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. देवाने आपल्याशी समोरासमोर न्यायालयात उभे राहावे, अशी मागणी करतो. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, मात्र अगदी 'धार्मिक' बोलतात. देव न्यायी आहे, निर्दोष मनुष्य असा नष्ट होत नाही. तेव्हा बाबा रे, तुझ्या हातून काहीतरी घडलेच असणार, पश्चात्ताप कर, म्हणजे सारे सुरळीत होईल. त्यांची भाषणे आपल्या कित्येक प्रार्थनासभांत जशीच्या तशी खपून जातील!

आणि ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर कोणावर रागावतो? तक्रार करणाऱ्या ईयोबावर? नाही. बेचाळिसाव्या अध्यायात तो अलीफजाला बजावतो की तुम्ही तिघे माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाची बाजू राखण्यासाठी धडपडणाऱ्या त्या तिघांना सात बैल आणि सात मेंढे यांचे अर्पण करावे लागते, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना कोणी करायची, तर ईयोबाने! दुःखिताला दोषी ठरवून देवाची अब्रू वाचवू पाहणाऱ्यांना देवाने दिलेले हे उत्तर आहे. ते आपल्या ओट्यांवर एकदा तरी मोठ्याने वाचले गेले पाहिजे.

जुन्या करारावर समाधान होत नसेल, तर प्रभू येशूकडे जाऊ. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. लूकलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू त्या घटनेचा उल्लेख करतो आणि ती माणसे यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी होती, ही समजूत साफ खोडून काढतो. पश्चात्तापाची हाक तो देतो खरी. पण ती ऐकणाऱ्या जिवंतांना देतो, मेलेल्यांचा हिशेब मांडत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू म्हणतो, दोघांचेही नाही. एवढे स्पष्ट उत्तर मिळूनही, दोन हजार वर्षांनंतर आपण तोच प्रश्न चहाचा कप हातात घेऊन विचारीत आहोत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. प्रभूने कित्येकांना 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले' अशा अर्थाचे उद्गार काढले नाहीत काय? मग विश्वास नसल्यास बरे होणे नाही, असा अर्थ निघत नाही काय? मी म्हणतो, निघत नाही. ज्याला बरे वाटले त्याचा विश्वास प्रभूने वाखाणला. ज्याला बरे वाटले नाही त्याच्याकडे बोट दाखविण्याची सनद त्याने कोणालाही दिलेली नाही. शिवाय मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षघाती आठवा. चौघांनी त्याला खाटेवर घालून आणले, गर्दीमुळे दार गाठता येईना म्हणून छप्पर उसकटले आणि त्याला खाली सोडले. तेथे प्रभूने कोणाचा विश्वास पाहिला? शुभवर्तमानकार अनेकवचन वापरतो : त्यांचा. तेव्हा एखाद्या घरी विश्वासाची मोजदाद करण्याची फारच हौस असेल, तर ती खाटेवरच्या माणसापासून नव्हे, खाट वाहणाऱ्यांपासून सुरू करावी. आपण किती जण खाट उचलायला गेलो होतो?

दुसरी चुकीची समजूत अशी की देवावर विश्वास असणाऱ्याने तक्रार करू नये, डोळे पुसून हसतमुख राहावे. हे धैर्य कोणाला लाभले तर ती कृपाच होय. परंतु ते सर्वांकडून सक्तीने वसूल करणे हा जुलूम आहे. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक-तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर काळोखातच संपते, शेवटी आशेची एक ओळही येत नाही. तरीही ख्रिस्तसभेने ते गाळले नाही. धर्मगुरू आणि व्रतस्थ आजही आपल्या नित्य प्रार्थनेत ते म्हणतात. गेथशेमानी बागेत प्रभूने प्याला टळावा म्हणून विनविले. क्रूसावर त्याने बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश केला. पित्याने आपणास का सोडले, असे विचारले. ज्या प्रभूने स्वतः 'का?' असे विचारले, त्याच्या अनुयायांना तो शब्द आपण निषिद्ध कसा ठरवावा? विलाप करणारा मनुष्य देवाशी बोलत असतो. ज्याचा विश्वास संपला, तो कोणाकडे तक्रार करील?

संतांची उदाहरणे आपण नेहमी देतो. तीही पुरतेपणी द्यावीत. लिझ्यूची संत तेरेजा ही 'लहान वाटे'ची संत म्हणून घराघरात पूजिली जाते. १८९६ च्या पवित्र आठवड्यात तिला क्षयाची रक्ताची उलटी झाली, आणि त्याच ईस्टरच्या सुमारास तिच्या मनावर काळोख पसरला. स्वर्ग आहे की नाही, या विचाराने तिला ग्रासले. तो काळोख ३० सप्टेंबर १८९७ रोजी, चोविसाव्या वर्षी, तिचा अंत होईपर्यंत पुरता हटला नाही. तिलाच १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले. त्याच वर्षी मदर तेरेजा निवर्तल्या. २००७ मध्ये त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झाले : जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. तरीही त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत आणि मग रस्त्यावरील मरणासन्नांकडे जात. २०१६ मध्ये त्यांना संतपद मिळाले. या दोघींना आपल्या ओट्यावर बसविले असते, तर 'तुमचा विश्वास कमी पडतो' असे आपण त्यांनाही सुनावले असते काय?

तिसरी समजूत सर्वांत धोकादायक आहे. देवावर भरवसा आहे ना, मग औषध कशाला? मोठमोठ्या सभांतून, ध्वनिक्षेपकावरून, कधी उघड तर कधी सूचकपणे हे सांगितले जाते. मधुमेहाच्या गोळ्या बंद केलेली, डायलिसिसचा दिवस चुकविलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या घरच्यांना पुढे काय सोसावे लागले, ते येथे लिहिणार नाही. या शिकवणुकीला कॅथलिक म्हणता येत नाही. आपल्या बायबलमध्ये बेन सिराचा ग्रंथ आहे, जो प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये नाही. त्याचा अडतिसावा अध्याय काढून पाहावा. वैद्याचा मान राख, औषधे देवानेच भूमीतून निर्माण केली, शहाणा मनुष्य ती तुच्छ मानीत नाही, असा त्याचा आशय आहे. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असा त्याचा क्रम आहे. उलट, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे शास्त्रवचनाच्या आधाराने सांगणारा कोण होता, हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात नमूद आहे. प्रभूने ती उडी घेतली नाही. देवाची परीक्षा पाहणे म्हणजे देवावर भरवसा ठेवणे नव्हे.

आरोग्यासाठी सामुदायिक प्रार्थना करू नये, असे मी म्हणत नाही. रुग्णाभ्यंग हा तर आपल्या सात संस्कारांपैकी एक आहे. परंतु व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने सप्टेंबर २००० मध्ये अशा प्रार्थनांविषयी जी सूचना काढली, तीत उन्माद, कृत्रिमता, नाटकीपणा आणि सनसनाटी यांना थारा देऊ नये असे बजावले आहे. त्या सूचनेची आठवण आपल्या व्यासपीठांवर किती वेळा होते? तेथे ज्याची गाठ विरघळली तो साक्ष देतो, टाळ्या पडतात. ज्या आईचे मूल प्रार्थना करूनही गेले, तिला ध्वनिक्षेपक कोणी देतो काय? आणि मूल गेल्यावरही पुढच्या रविवारी ती मिस्सेला येते. माझ्या मते त्या दिवशी चर्चमध्ये तिच्याहून मोठी साक्ष दुसरी नसते.

मग देवावर भरवसा म्हणजे नेमके काय? पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक प्रेषितीय पत्र लिहिले. १९८१ मध्ये गोळ्या लागून ते स्वतः मृत्यूच्या दारातून परतले होते. त्या पत्रात ते ईयोबाच्या निर्दोषपणाचा निर्वाळा देतात, दुःख ही नेहमीच शिक्षा नसते हे सांगतात, दुःखिताला क्रूसावरील ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडतात, आणि पत्राच्या शेवटी चांगल्या शोमरोन्याकडे वळतात. हा शेवट मला फार महत्त्वाचा वाटतो. शोमरोनी जखमी माणसाला दुःखाचे कारण सांगत नाही. तो तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवितो, उतारशाळेत नेतो आणि वर दोन दीनार मोजतो.

'का?' या प्रश्नाला पुरते उत्तर आपल्यापैकी कोणाजवळही नाही. धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथही मान्य करतो की दुष्टाईच्या प्रश्नाला झटपट उत्तर पुरत नाही. उत्तर नसताना हात न सोडणे, याला मी भरवसा म्हणतो. दुःखिताने देवाचा हात धरून ठेवायचा, आणि त्याचा हात सुटू लागला तर शेजाऱ्याने तो धरायचा. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, पावसाने भिजलेल्या निर्मनुष्य चौकात, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी वादळातील होडीचा उतारा निवडला. त्या होडीतील शिष्य घाबरले होते, झोपलेल्या प्रभूवर चिडलेही होते. पण त्यांनी त्यालाच हाक मारली. प्रभूने त्यांच्या अल्पविश्वासाविषयी विचारले खरे, पण वादळ आधी शमविले. आपण बोल आधी लावतो आणि वादळाकडे पाहतही नाही!

आता थोडे कर्तव्याविषयी. ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट उत्तम केली होती. आल्यावर ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तेवढेच करून ते घरी परतले असते, तर त्यांना बैल-मेंढे शोधावे लागले नसते. आपल्याकडे दफनाला अख्खे गाव लोटते, महिन्याच्या मिस्सेपर्यंत वर्दळ असते, आणि मग दार बंद होते. चौथ्या महिन्यात कोण जातो? शाळेची फी, रुग्णालयाची उरलेली बिले, बँकेतील कागद, मुलाचा अभ्यास, म्हाताऱ्या सासूला दवाखान्यात नेणे, ही खाट उचलायची कामे आहेत. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या संस्था अनेक धर्मग्रामांत हे निमूटपणे करतात. त्यांच्याकडे माणसे मात्र कमी पडतात. ओट्यावर बोलणाऱ्यांनी तेथे नाव नोंदवावे.

त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्या पत्नीने काय उत्तर दिले? ती म्हणाली, "नाही ग, तुझे काहीच कमी पडले नाही. आमचे पडले." मग दोघी रडल्या, आणि नंतर त्या घरी संध्याकाळची जपमाळ झाली. ती सुरूच होती. पूर्वीही रोज होत असे. विचारणाऱ्या गृहस्थांनी एखाद्या संध्याकाळी तेथे जाऊन गुडघे टेकले असते, तर त्यांनाही ते कळले असते.