नऊ वाजताचा फोन

जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबरात सोलापुरातल्या कितीतरी घरांत बॅगा उघड्या पडलेल्या असतात. एका बॅगेत शेंगाचटणी, कडक भाकरी, काळा मसाला आणि छोटा कुकर, दुसरीत थंडीचे कपडे. शिक्षणावर लिहितो म्हणून या दिवसांत पालक मला बरंच काही विचारतात. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायच्या ११,९०४ युरोंची जुळणी कशी करायची, त्यातून महिन्याला मिळणाऱ्या ९९२ युरोंत भागेल का, सरकारी विद्यापीठात फी नाही म्हणतात मग बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सत्राला १,५०० युरो का मागतात. हे सगळे प्रश्न रास्त आहेत, कर्ज काढून मूल पाठवणाऱ्या घराला ते पडणारच. पण पोरगी तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय करेल, हे फारसं कुणी विचारत नाही. खोली मिळाली, वर्ग सुरू झाले की झालं, असं आपण धरून चालतो.

आणि मग आपण फोन करतो. सोलापुरात जेवणं आटोपली, रात्रीचे नऊ वाजले की व्हिडिओ कॉल लागतो. आई, बाबा, आजी, शेजारच्या काकू, सगळे एका पडद्यात. त्या वेळी जर्मनीत संध्याकाळचे साडेपाच असतात. वर्ग सुटलेले असतात, दुकानं उघडी असतात, माणसं घरी निघालेली असतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तासभर तरी उजेड बाकी असतो. नव्या शहरात बाहेर पडायची हीच वेळ, आणि नेमकी तीच मुलं खोलीत बसून आपल्याशी बोलण्यात घालवतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर आपल्या नऊ वाजता तिथं साडेचार वाजतात आणि डिसेंबरात बर्लिनला चारच्या आतच सूर्य मावळतो. म्हणजे उजेडातल्या संध्याकाळी मिळतात त्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच. त्या आपण मायेपोटी खातो, हे मला स्पष्ट सांगायला हवं.

त्या संध्याकाळी काय शिकायला मिळतं? तिथल्या मेट्रोच्या स्थानकात अडवणारं फाटक नसतं. काही शहरांत कागदी तिकीट काढल्यावर ते यंत्रात घालून शिक्का उमटवून घ्यावा लागतो, नाहीतर तपासनीस आला की ६० युरो दंड. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की बहुधा २५ सेंट मिळतात. मुक्काम पक्का झाला की दोन आठवड्यांच्या आत घरमालकाची चिठ्ठी घेऊन नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. सगळी मुलं त्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि तो शब्द ती सगळ्यात आधी शिकतात. यातलं बरंचसं आता मोबाइलवर वाचता येतं. तरीही चुकीच्या ट्राममध्ये बसून, दोन थांबे पुढे उतरून, तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला मोडक्या जर्मनमध्ये रस्ता विचारून जे अंगात मुरतं, ते वाचून मुरत नाही. शहर आपल्याला हाकलून देत नाही, एवढं एकदा कळलं की मूल पुढच्या दोन वर्षांसाठी उभं राहतं.

परक्या शहरात असं स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं एक जुनं उदाहरण आहे. जुलै १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते पहिल्यांदा राहिले. तिथलं जेवण त्यांना मानवलं नाही. आठवडाभरात ते भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर खोली घेतली. भथेनांशी जुळलेली ती मैत्री आयुष्यभर टिकली. जागा बदलायची, सोबती निवडायचा, हे सगळं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. घरचं मत पत्रानं मागवायचं तर उत्तराला कित्येक आठवडे लागले असते. त्याच वर्षी ४ ऑगस्टला वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात ते मुलांबरोबर मुलींनाही शिकवायचा आग्रह धरतात. न्यूयॉर्कमध्ये पाऊल टाकून जेमतेम दोन-तीन आठवडे झालेला विद्यार्थी आपल्या गावाकडे अशा नव्या नजरेनं बघू लागला होता.

पण मूल एकटं सोडा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. तसं म्हणणाऱ्यानं आधी आनंदीबाई जोशींची आठवण ठेवावी. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला पोचल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी नेलं, वैद्यकीय महाविद्यालय सुरू होईपर्यंत ठेवून घेतलं आणि परक्या मुलुखाची ओळख करून दिली. पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत आनंदीबाईंची तब्येत ढासळत गेली. ११ मार्च १८८६ला पदवी मिळाली आणि वर्षाच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ला, पुण्यात त्या गेल्या. त्यांचे रोझेलमधले दिवस मात्र एका घरानं सांभाळले. आजारी पडलं तर दार ठोठावता येईल असं तिथलं एक तरी माणूस मुलाला हवं. ते शोधायचं तर संध्याकाळी खोलीबाहेर पडावंच लागतं.

हे सोलापूरच्या मुलांना जड जायला नको, कारण आपलं शहरच चार भाषांचं आहे. पूर्व भागातल्या विणकर घरातली मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी, बाजारात कन्नड ऐकते आणि शेजारणीशी दखनीत गप्पा मारते. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ला वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, ती भाषा शिकले आणि युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवूही लागले.

अडचण अशी की, आजची आपली मुलं स्वतःच्या शहरातही चालत नाहीत. जुळे सोलापुरातला मुलगा शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून घरी बाबांच्या गाडीवरून फिरतो. विजापूर वेस, कन्ना चौक, साखर पेठ ही नावं त्याला ठाऊक असतात, गल्ल्या नसतात. बारावीनंतर त्याला एकट्याला पायी पाठवा. अशोक चौकात जाऊन अनोळखी माणसाशी बोलून येऊ दे, चुकला तर चुकू दे. व्हिसाच्या मुलाखतीची तयारी आपण जितक्या आस्थेनं करून घेतो, तितक्याच आस्थेनं ही तयारी व्हायला हवी.

फोनचंही एक सुचवतो. रोज रात्री परतल्यावर ‘पोचले’ एवढा एक शब्द पाठवायला सांगा, मोठं बोलणं रविवारी ठेवा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, रस्ते शांत असतात आणि घरची आठवण त्याच दिवशी जास्त येते. तिथं दुपारचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसहा झालेले असतात, तिथली घड्याळं मागे गेल्यावर साडेसात. त्या वेळी आजीलाही बसवा, शेजारच्या काकूंनाही बोलवा, दोन तास बोला. आठवडाभर ती कुठं कुठं गेली आणि कुणाकुणाशी बोलली, ते तिच्याकडूनच ऐका.